चिलर घेण्याआधी: सहा फुटी टाकीत एवढी उष्णता येते कुठून?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत विश्रामबागेत दुसरा मजला, वर थेट गच्ची. हॉलमध्ये सहा बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी, खाली बंद कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी छोटी टाकी, वर लाकडी हूड, म्हणजे बंद झाकण. मासे म्हणजे एंजल, सेव्हरम, कोरी आणि दोन मोठे प्लेको. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाणी पहाटे ३२ आणि संध्याकाळी ३३.५ अंश दाखवतंय, आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकतायत. दुकानदार म्हणतो पाव एचपीचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, बसवा, मेहुणे म्हणतात अर्ध्याच्या खाली घेऊच नका, आणि कुणीतरी बर्फाच्या बाटल्या सोडायला सांगितलंय. तर यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं की चिलर आत्ता कुठलाच घेऊ नका. तो वाईट असतो म्हणून नव्हे. तुमच्या पाण्यात नको असलेली उष्णता नेमकी कुठून येतेय हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. ते न पाहता चिलर बसवला की कॅबिनेटमध्ये एक यंत्र पाणी तापवत राहतं, शेजारी दुसरं ते थंड करत राहतं आणि दोघांचं बिल तुम्ही भरता. असं मी कितीदा पाहिलंय, मोजणं सोडून दिलंय.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा मोटर रिवाइंडिंगवाला. माशांचा नाद लहानपणापासून होताच. गेली एकोणीस वर्षं सांगली, मिरज, कुपवाड या टापूत टाक्या बसवणं आणि सांभाळणं हाच धंदा आहे. त्यामुळे टाकीकडे बघताना माझं लक्ष माशांच्या आधी पंपाकडे जातं. ही खोड म्हणा किंवा सवय, पण या प्रश्नात ती कामाला येते.

सगळ्यात आधी तुमचा थर्मामीटर तपासा. पुढच्या काचेवर चिकटवायची पट्टी असेल तर ती पाणी आणि खोली यांच्या मधलंच काहीतरी दाखवते, ती सोडून द्या. वायरीचा डिजिटल असेल तर पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, टोक पाच मिनिटं त्यात ठेवा. शून्य यायला हवं. दुसरी पडताळणी घरच्या तापाच्या थर्मामीटरने. तो साधारण ३२ च्या खालचं दाखवत नाही, म्हणून मगात कोमट, ३६-३७ अंशांचं पाणी घ्या आणि दोन्ही एकदम बुडवा. फरक अर्ध्या अंशात असला तर ठीक. गेल्या उन्हाळ्यात तासगावहून एकांनी मला घाईघाईने बोलावलं होतं, ‘पाणी ३५ झालंय’ म्हणून. पाणी ३१ होतं. थर्मामीटरचा सेल उतरला होता.

आता एक ढोबळ हिशोब सांगतो, तो डोक्यात बसला की बाकीचं आपोआप उलगडतं. तुमच्या टाकीचं माप ६८० लिटरचं भरतं, पण वाळू, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी सुमारे ६०० लिटर उरतं. एवढं पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. युनिट म्हणजे आपल्या बिलावरचंच युनिट. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा: सात दशांश युनिट म्हणजे एक अंश.

तुम्ही लिहिलेली यादी आता त्या चष्म्यातून बघू. संपात ८५ वॅटचा सबमर्सिबल पंप. टाकीत प्रत्येकी ३८ वॅटचे दोन पॉवरहेड, म्हणजे पाण्याला झोत देणारे छोटे पंप. १८ वॅटचा यूव्ही दिवा. बेरीज १७९ वॅट, आणि हे सगळं चोवीस तास चालू. दिवसाला ४.३ युनिट झाली. यातला जवळजवळ एकूण एक वॅट पाण्यातच उतरतो. ‘पंप तर पाणी ढकलतो, तापवतो कुठे?’ असं लोक विचारतात. बुडालेल्या मोटरची गरमी थेट पाण्यात जाते हे तर उघडच आहे. पण पाणी ढकलण्यात जी ताकद खर्च होते तीसुद्धा घुसळणीत, पाइपात, काचेवर आपटण्यात संपते, आणि संपते म्हणजे उष्णताच होते. ती जायला दुसरी जागा नाही. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही असं धरलं तर तुमचे पंप रोज ६०० लिटर पाणी सहा अंशांनी तापवू शकतात. तुम्ही उन्हाळ्यात १८० वॅटचा हीटर चालू ठेवलाय, फक्त त्यावर ‘पंप’ असं लिहिलंय.

अर्थात उष्णता बाहेर पडतेही. काचेतून पडते आणि पृष्ठभागावरून वाफेच्या रूपाने पडते. तुमच्याकडे लाकडी हूडने ही दुसरी वाट बंद केलीय. त्याकडे पुढे येतो.

आधी निदान. तीन दिवस, दिवसातून चार वेळा आकडे लिहून काढा: सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पाण्याचं आणि खोलीचं, दोन्ही. खोलीचा थर्मामीटर टाकीपासून चार-पाच फूट लांब, सावलीत ठेवा. इथे एक चूक बहुतेकांची होते. पहाटे खोली २७ आणि पाणी ३२ दिसलं की वाटतं, बघा, आतून तापतंय. पण एवढं पाणी आळशी असतं. खोलीच्या मागे धावायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो, त्यामुळे पहाटे ते खोलीपेक्षा गरम आणि दुपारी खोलीपेक्षा थंड असणारच. तुलना करायची ती दिवसभराच्या सरासरीशी. तुम्ही खोली पहाटे २७ आणि दुपारी ३४ लिहिलीय, म्हणजे सरासरी साडेतीस. पाण्याची सरासरी पावणेतेहतीस. पाणी खोलीच्या सरासरीपेक्षा सव्वादोन अंश वर.

आता आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत, झाकण नसलेली आणि आत फारशी यंत्रं नसलेली टाकी खोलीच्या सरासरीपेक्षा दीड-दोन अंश खाली बसते. माठाचं पाणी गार होतं त्याच कारणाने. म्हणजे तुमचं पाणी साधारण २९ च्या आसपास असायला हवं होतं. ते पावणेतेहतीस आहे. हे मधले जवळजवळ चार अंश सांगलीच्या उन्हाळ्याचे नाहीत, टाकीच्या आसपासचे आहेत. आपल्याला शोधायचे आहेत ते हेच चार अंश.

आकड्यांचा आकारही बोलतो. पाणी दिवसरात्र खोलीच्या सरासरीपेक्षा सारखंच वर राहत असेल तर कारण चोवीस तास चालणारं आहे: पंप, यूव्ही, किंवा अडकलेला हीटर. खोलीचा कळस दुपारी तीनच्या सुमाराला आणि पाण्याचा त्यानंतर चार-सहा तासांनी आला तर ते नुसतं खोलीच्या मागे चाललंय. पण पाणी साडेचार ते सहाच्या दरम्यान झपकन चढत असेल तर पश्चिमेची खिडकी बघा. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास असतं. तिरपं झाल्यावर, खिडकीच्या काचेतून आल्यावर बरंच कमी होतं हे खरं, पण तुमच्या टाकीची पुढची काच एक चौरस मीटरहून थोडी मोठीच आहे. तासभर ऊन त्यावर पडलं तरी एक मोठा हीटर तासभर लावल्यासारखं होतं. दिवे लागल्यापासून चढत असेल तर दिवे. आणि रविवारीच चढत असेल तर पाणी बदलणं.

हसू नका, रविवारचा किस्सा खरा आहे. मिरजेत एका घरी दर सोमवारी मासे सुस्त असायचे. मालक दर रविवारी दुपारी जेवण झालं की निवांत पाणी बदलायचे, नळ थेट गच्चीवरच्या काळ्या टाकीचा. त्या पाण्यात मी थर्मामीटर धरला तर ४०. तुमच्या टाकीचा हिशोब करा: तीस टक्के म्हणजे १८० लिटर पाणी ४० अंशांचं, उरलेलं ३१ चं. टाकी पावणेतीन अंशांनी वर गेली, तीही अर्ध्या तासात. पाणी बदलायचं ते पहाटे, गच्चीवरची टाकी रात्रभर निवल्यावर. किंवा आदल्या रात्री पिंपात भरून ठेवा.

हीटरबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘३०० वॅटचा आहे, २६ वर लावलाय, त्यामुळे आता बंदच असतो.’ बंद असतो की असायला हवा? या एका वाक्याने माझे अकरा डिस्कस गेलेत. डिसेंबर होता, रात्री मी लाल दिवा लागलेला बघून झोपलो आणि थंडी आहे म्हणून नवल वाटलं नाही. आतल्या थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. सकाळी पाणी ३६ च्या वर होतं. डिस्कस उष्णतेचा मासा, २८ ते ३० त्याला आवडतं. पण त्यालाही हे झेपलं नाही. रिवाइंडिंगच्या दुकानात चिकटलेले पॉइंट रोज बघणारा माणूस मी, आणि घरात तेच ओळखता आलं नाही. तेव्हापासून फेब्रुवारी संपला की मी हीटरचा प्लगच काढून ठेवतो आणि थंडीत एका मोठ्याऐवजी दोन छोटे लावतो, बाहेरच्या वेगळ्या कंट्रोलरवर. दोघांपैकी एक अडकला तरी टाकी उकळत नाही. तुम्ही आज काढा. प्लग काढल्यावर वीस मिनिटं थांबूनच हीटर पाण्याबाहेर घ्या, नाहीतर गरम काच तडकते. आणि पाण्यात हात घालण्याआधी टाकीचं सगळं विजेचं बंद करायचं, दर वेळी. घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच, नसेल तर चिलरच्या पैशातला पहिला खर्च तो करा.

यानंतर पंप. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, तो आणा किंवा कुणाचा तरी मागून घ्या. पंपावर छापलेला आकडा आणि मीटरवरचा आकडा यांचं फारसं जमत नाही; ८५ लिहिलेला पंप ११० खाताना मी पाहिलाय. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने रोटरवर पांढरा क्षार बसतो. मग पंप पाणी कमी फेकतो पण वीज तेवढीच घेतो. तेव्हा आधी पंप उघडा, रोटर आणि त्याची खोबण व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. बरेचदा त्यानंतर कळतं की टाकीतल्या दोन पॉवरहेडपैकी एकाची गरजच नव्हती. मरगळलेल्या मोठ्या पंपाची भरपाई म्हणून कुणीतरी ते बसवलेलं असतं. एंजल आणि सेव्हरम यांना एवढा झोत नकोच असतो. माझा अंदाज, तुमचे दोन्ही पॉवरहेड काढता येतील. फक्त संपाकडून येणारं पाणी पृष्ठभाग नीट हलवतंय याची खात्री करा.

संपाचा पंप बदलायचा असेल तर डीसी मोटरचा घ्या. तासाला तीन हजार लिटर, म्हणजे तुमच्या टाकीच्या पाचपट पाणी, तीस-चाळीस वॅटमध्ये फिरवणारे पंप मिळतात. ८५ च्या जागी ३५ आणि दोन पॉवरहेड बंद: १७९ वॅटचे ५३ झाले. रोजची तीन युनिट वाचली, महिन्याची नव्वद. पंपाचे पैसे बिलातूनच निघतात, आणि पाण्याला दिवसाला चार अंशांइतकी उष्णता देणं बंद होतं. यूव्ही पाणी हिरवं होत असेल तरच हवा. नसेल तर उन्हाळ्यात बंद ठेवला तरी चालतो.

दिव्यांवर मी फार वेळ घालवत नाही. एलईडी असेल तर हूडच्या झाकणापासून जरा उचलून बसवा. जुन्या ट्यूब असतील तर चोक हूडच्या आत नाही ना एवढं बघा. आणि दिवे दुपारी लावण्याऐवजी संध्याकाळी सहा ते अकरा लावा, तुम्हीही त्याच वेळी घरी असता.

कॅबिनेटच्या आत हात घालून बघा. तुम्ही लिहिलंय की इन्व्हर्टर आणि बॅटरी संपाच्या शेजारीच ठेवलीत, ‘वायर दिसू नये म्हणून’. सुतारांना कॅबिनेट छान बंद करायला आवडतं, पण मागची प्लाय काढून टाका, नाहीतर वर-खाली सहा-सहा इंचाची भोकं पाडून जाळी लावा. इन्व्हर्टर बाहेर न्या. ओल्या हवेत तो राहूही नये.

आता हूड. माझ्या मते तुमच्या टाकीचा खरा गुन्हेगार हाच आहे. पंप त्याचा साथीदार. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ ०.७ युनिट उष्णता घेऊन जातं. तुमच्या टाकीला एक अंश म्हणजे किती सांगितलं होतं? तेवढंच. म्हणजे तुमच्याकडे एक लिटर पाणी उडालं की एक अंश उतरला. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा.

याच मापाने बर्फाच्या बाटल्या बघा. फ्रीजरमधली एक लिटरची बाटली वितळून पाण्याइतकी गरम होईपर्यंत तुमची टाकी ०.२ अंशाने उतरते. एका अंशाला पाच बाटल्या. दिवसाला चार अंश हवे असतील तर वीस, त्याही रोज, आणि त्या गोठवताना फ्रीज सगळी उष्णता तुमच्याच घरात सोडणार. छोट्या टाकीत, लाइट गेलेली असताना, एक-दोन बाटल्यांना अर्थ आहे. सहा फुटीत तो फक्त आपल्या मनाला गारवा. फ्रिजमध्ये नळीचं वेटोळं ठेवून त्यातून पाणी फिरवायचा जुगाडही कुणीतरी सुचवेल. फ्रिज ठेवलेलं गार राखायला बनवलाय, सतत उष्णता उपसायला नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या नळीतून उष्णता नीट जात नाही, आणि तांब्याची नळी पाण्यात घालायची नाही.

तेव्हा हूड काढा. जागी मच्छरदाणीची किंवा प्लॅस्टिकची जाळी अल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवा. उन्हाळ्यात मासे उड्या मारतात, तेव्हा जाळी हवीच. मग टाकीच्या एका टोकाला बारा व्होल्टचे तीन-चार कॉम्प्युटरवाले पंखे असे लावा की वारा पाण्याला घासत आडवा जाईल. वरून खाली मारू नका. ओली हवा तिथेच घोटाळते. टेबल फॅनही चालतो, पण तो पाण्यात पडणार नाही असा बांधा. कोरड्या हवेत तुमच्या बारा चौरस फुटांच्या पृष्ठभागावरून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडतं. म्हणजे वीसेक वॅटचे पंखे अडीच-तीनशे वॅटची उष्णता बाहेर काढतात. या हिशोबाच्या जवळपास जाणारा चिलर मला अजून दिसलेला नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या किलकिल्या ठेवा, नाहीतर उडालेलं पाणी खोलीतच साठून हवा दमट होते.

किती अंशांपर्यंत उतरेल हे हवेवर आहे, आणि इथे मी छातीठोक आकडा देणार नाही. पण तुम्हाला स्वतः काढता येईल. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला सुती कापडाची ओली चिंधी गुंडाळा आणि चालू पंख्यासमोर दहा मिनिटं धरा. जो आकडा थांबेल, त्याच्या खाली कुठलाही पंखा पाणी नेऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी माझ्या दुकानात हवा ३५-३६ असताना चिंधी २१-२२ दाखवते. त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे तुमच्या पंख्याची ताकद. पाणी अगदी चिंधीच्या आकड्यापर्यंत येत नाही, पण अंतर मोठं असेल तर तीन-चार अंशांचा उतार हमखास मिळतो.

तासगावकडे बेदाण्याच्या शेड पाहिल्या असतील. चारही बाजू मोकळ्या, जाळ्यांवर द्राक्षं, आणि फेब्रुवारी ते एप्रिलची कोरडी हवा पाणी शोषून घेते. तीच हवा तुमच्या टाकीला गार करते. आणि बेदाणेवाले ज्या गोष्टीला घाबरतात त्याच गोष्टीला तुम्हीही घाबरा: वळीव. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मासे कडक उन्हाच्या दिवशी मरत नाहीत. दिवसभर तापून संध्याकाळी वळीव आला की हवा एकदम दमट होते, चिंधी २५-२६ ला जाते, पंखे निकामी. त्यात लाइट गेली की पंप बंद. पाणी गरम, हलत नाही, आणि मासे जास्तीचा श्वास मागतायत. अशा संध्याकाळसाठी सेलवर चालणारा एअर पंप घरात हवाच, आणि इन्व्हर्टरवर टीव्हीच्या आधी टाकीचा पंप जोडा.

धापा टाकण्याचं आता सांगतो, कारण मासे थेट उष्णतेने नाही, तिच्या दोन सोबत्यांनी मरतात. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. ३३ ला सात-सव्वासात. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, म्हणजे आणखी थोडा कमी. त्याच वेळी माशांच्या शरीराची मागणी वाढलेली असते. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट. तेव्हा आज रात्रीपासून एअर पंपावर चालणारा, हवेचे बुडबुडे सोडणारा मोठा एअर स्टोन रात्रभर चालू ठेवा. एअर पंप बाहेर असतो, त्याच्या मोटरची गरमी पाण्यात येत नाही. दुसरा सोबती अमोनिया. पीएच ८ असताना २५ अंशांना एकूण अमोनियातला ५.४ टक्के भाग विषारी रूपात असतो, ३२ ला ८.४ टक्के. तीच घाण, दीडपट विष. खाणं निम्म्यावर आणा, संध्याकाळचं बंदच करा. प्लेको आणि कोरी या उष्णतेत सगळ्यात आधी हाय खातात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

थर्माकोल मागे लावू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मागची भिंत पश्चिमेची असेल आणि हाताला तापलेली लागत असेल तर मागच्या बाजूने लावा. पण टाकी भोवतीने गुंडाळू नका. आतली उष्णता काचेतून रात्री बाहेर पडते, ती वाट तुम्हीच बुजवाल. वरची गच्ची मात्र विसरू नका. स्लॅब दिवसभर पितो आणि रात्री खाली ओकतो. मी घरी गच्चीला चुन्याचे दोन हात मारले तेव्हा हॉल दीड-दोन अंशांनी उतरला. टाकीपेक्षा घरच्यांनीच जास्त आशीर्वाद दिले. गावभागात एक जुना वाडा आहे माझ्याकडे, दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती. तिथली पाच फुटी टाकी मे महिन्यातही २९ च्या वर जात नाही, पंखा न लावता. तुम्हाला वाडा बांधा म्हणत नाही. पण पंखे लावल्यावर ज्याचं २७ झालं त्याचा फोटो बघून हळहळू नका. त्याचं घर वेगळं, भिंत वेगळी.

क्रम असा ठेवा: आज हीटर काढा आणि एअर स्टोन लावा. तीन दिवस आकडे घ्या. मग हूड काढून पंखे, दोन दिवस थांबून बघा. मग पॉवरहेड आणि यूव्ही, पुन्हा दोन दिवस. शेवटी पंप, कॅबिनेट. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने उतरलं ते कधीच कळणार नाही. आणि घाईही नको. मासे चढलेलं पाणी सोसतात, झटका सोसत नाहीत. दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका. पंखे पहिल्या दिवशी निम्मेच लावा.

एवढं करून पाणी २८-२९ ला आलं तर एंजल, सेव्हरमला चिलरची गरज नाही. चिलर खरा लागतो तो प्रवाळाच्या खाऱ्या टाकीला, जिथे २५-२६ च्या पुढे चालत नाही, किंवा गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशाला. कधी घ्यायची वेळ आलीच तर एचपीवर जाऊ नका, तो कॉम्प्रेसरचा आकडा आहे. प्लेटवर थंड करण्याची क्षमता किती वॅट लिहिलीय ते बघा आणि ती तुमच्या उरलेल्या उष्णतेशी ताडून घ्या. शिवाय तो पाण्यातून काढलेली उष्णता अधिक स्वतःची वीज, दोन्ही मागून खोलीत फेकतो. बंद कॅबिनेटमध्ये ठेवलात तर स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत बसेल. मी तो नेहमी बाल्कनीत, सावलीत बसवतो आणि नळ्यांवर एसीच्या पाइपाला असतं तसं काळं फोम चढवतो.

एक राहिलं, पंखे लावणारे सगळे इथे फसतात. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. रोजचे दहा लिटर म्हणजे दोन महिन्यांत सहाशे, म्हणजे एक पूर्ण टाकी. भर ४०० टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) बोअरच्या पाण्याने घालत राहिलात तर जूनमध्ये टाकी ८०० च्या घरात असेल. भर घालायला आरओचं पाणी वापरा. बदलायला तुमचं नेहमीचं चालेल. संपात पाण्याच्या पातळीची खूण मार्करने करून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तेवढी भरा, कारण संप आटला की पंप कोरडा पडतो आणि कोरडा पंप किती तापतो ते मला रिवाइंडिंगच्या दिवसांपासून ठाऊक आहे. तीन दिवसांचे आकडे झाले की टाका इथे, सोबत चिंधीचा आकडाही.